मेरुनाथाची भिंत

"उठले! हात उठले!"

चारशे माणसं एकदम ओरडली आणि गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडत बाहेर गेली.

दाराच्या चौकटीपुढे एक म्हातारा उभा होता. त्याचे दोन्ही हात अंगापासून सुटून हळूहळू वर चालले होते. तो ते उचलत नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. तो स्वतःच घाबरून आपल्या हातांकडे बघत होता. हात खांद्यापर्यंत गेले, तिथे क्षणभर तरंगले आणि मग सावकाश खाली आले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"देखा?" मेरुनाथ महाराज गरजले. "उधर तारापूर में अणू फोडते हैं, तब बत्ती जलती है. मी प्राण फोडतो! मेरुदंडात बहात्तर हजार नाड्या आणि एकेका नाडीत एकेक पॉवर हाऊस. मीटर नाही, लाइनमन नाही, लोडशेडिंग नाही!"

लोक हसले आणि हसता हसताच त्यांनी हात जोडले.

ही १९८६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बोईसरहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाताची एक गिरणी बंद पडून होती. तिथे हे महाराज महिन्याभरापूर्वी उतरले होते. पन्नाशीचे, दाढी मेंदी लावलेली, अंगात जमिनीवर लोळणारी पांढरी घोळदार कफनी. दर गुरुवारी सकाळी 'प्राणयोग' चाले. कारखान्यांतून रात्रपाळी करून सुटलेले कामगार, पाड्यांवरचे वारली, किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांच्या बायका असे सगळे तिथे जमायचे. दाराच्या अरुंद चौकटीत उभं राहायचं, दोन्ही तळहातांची मागची बाजू चौकटीवर टेकवून जीव खाऊन बाहेर ढकलायची आणि एकवीस वेळा 'मेरुनाथ तार' म्हणायचं. मग पुढे येऊन हात सैल सोडायचे. प्राण वर चढला की हात आपोआप उठतात, असं महाराज सांगत. आणि हात खरोखरच उठत.

मी त्या वेळी पालघरच्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते आणि बोईसरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. आसनं मी स्वतः रोज करायची, मुलींनाही शिकवायची. योगाला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नव्हे. शरीर कसं तोललं जातं, कुठला स्नायू कुठे ओढतो, हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे मला वाटायचं, आपल्याला कोण फसवणार?

"आप आइए, बहनजी," महाराजांनी बोट माझ्याकडेच केलं.

मी गेले, चौकट ढकलली, एकवीस वेळा म्हटलं आणि पुढे आले. माझे हात उठले.

खोटं कशाला सांगू? अंगावर काटा आला. जे हात मी वीस वर्षं ओळखत होते, ते मला न विचारता वर चालले होते. समोर बायकांच्या पहिल्या रांगेत येसूबाई बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. बघा, मी सांगत नव्हते?

खरं तर मी तिच्यासाठीच तिथे गेले होते.

येसूबाई तांडेल. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बोईसरला दारोदार विकायची. पाच वर्षं ती माझ्या दारात येत होती. भाव करताना आम्ही कडाकडा भांडायचो आणि मग ती पायरीवर बसून पाणी प्यायची. त्या दिवाळीनंतर तिला टोपली उतरवताना कळ यायला लागली. संध्याकाळी कणकण, जेवण जात नाही, अंग वाळत चाललेलं. एकदा मी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं तर मध्यभागी एक मणका बाहेर आल्यासारखा लागला. मी तिला ओढतच पालघरला डॉक्टर चंद्रभान सावे यांच्याकडे नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "मणक्याचा क्षय आहे. टी.बी. काही फक्त छातीतच होत नाही. दीड वर्ष गोळ्या घ्यायच्या. पडून राहायचं. ओझं नाही, वाकणं तर मुळीच नाही. हा मणका वाळवी लागलेल्या वाशासारखा झालाय. वाकवलात तर मोडेल, आणि मोडला तर मागची मज्जारज्जू दाबली जाईल. पण गोळ्या घेतल्या तर बरी होणार, नक्की बरी होणार."

तिने गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी तिला लघवी लालभडक झाली. त्या गोळीने तसं होतंच आणि त्यात काही वाईट नसतं, पण ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर विसरले आणि मला ठाऊकच नव्हतं. ही गोष्ट तिने मला सांगितली नाही, नवऱ्याला सांगितली नाही. सांगितली ती गिरणीतल्या कमलाकांतला. हा महाराजांचा पट्टशिष्य. गुरुवारी लोक जमत असताना तो बायकांमध्ये फिरायचा, पाणी द्यायचा, मायेने विचारपूस करायचा.

"गोळ्या रक्त जाळतात, बेटी," महाराजांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं. तिने तोंड उघडायच्या आधीच! "तुझं रक्त खालून बाहेर पडतंय. होय की नाही?"

येसूबाईने जमिनीवर डोकं टेकलं. त्या दिवसापासून गोळ्या बंद.

त्याच गुरुवारी, माझे हात उठल्यानंतर, तिला भिंतीपुढे उभं केलं. ही महाराजांची दुसरी करामत. गिरणीच्या मागच्या भिंतीला टाचा चिकटवून उभं राहायचं आणि पायांपुढे ठेवलेलं जास्वंदीचं फूल गुडघे न वाकवता उचलायचं. मन निर्मळ असेल तर फूल हाती येणार, पोटात पाप असेल तर ते माणसाला तोंडावर पाडणार. टाचा भिंतीला नीट लागल्यात की नाही ते कमलाकांत वाकून तपासायचा. आधी महाराज स्वतः फूल उचलून दाखवत, मग एकामागून एक भक्त येत आणि पडत.

येसूबाई वाकली तशी पुढे कोलमडली. दोघींनी तिला धरलं म्हणून बरं.

"पाप जड आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले. "एक लेकरू दिसतं. तू नव्हतीस त्याच्यापाशी. कुठे होतीस, माई?"

येसूबाईने असा काही हंबरडा फोडला की मला तो अजून ऐकू येतो. तिचा चार वर्षांचा मुलगा तापात गेला होता. ती त्या वेळी बोईसरच्या बाजारात बोंबील विकत होती. पाच वर्षं तिने जे स्वतःलाच विचारलं होतं, ते आज तिला भिंतीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिला समजावलं, रागावले. शेवटी तिच्या घराच्या भिंतीला टाचा लावून मी स्वतः वाकले आणि पडले.

"हे बघ! मी पण पडले. शाळेत मी रोज जमिनीला हात लावते, तरी पडले. टाचा भिंतीला लावल्या की कोणीही पडतं, येसूबाई."

तिने माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "बाई, तुमचं पण कायतरी पाप असंल."

"आणि महाराज? ते कसे नाही पडत?"

"त्येंचं पाप नाय म्हनून."

तिचा नवरा दादू बाहेर जाळं शिवत बसला होता. मोठा धिप्पाड, अबोल माणूस. "मी सांगून दमलो," तो म्हणाला. "पन तिकडं जाऊन आली का तिला झोप लागते, बाई. पाच वर्सांत नव्हती लागत."

"निदान तिला वाकू देऊ नका."

"मी चार-चार दिस दर्यावर असतो."

हातांचं कोडं त्याच आठवड्यात सुटलं. घरी न्हाणीच्या चौकटीत उभी राहून मी हात ढकलले आणि 'मेरुनाथ तार'ऐवजी एकोणतीसचा पाढा म्हटला. हात उठले. मग काहीच म्हटलं नाही, तरी उठले. डॉक्टर सावे हसले. "स्नायू मिनिटभर जोर लावत राहिला की तुम्ही थांबलात तरी तो लगेच थांबत नाही. त्याला जाणारा हुकूम थोडा वेळ चालूच राहतो. तुम्हाला वाटतं हात उडाले. उचलतोय तुमचाच स्नायू."

आता उरली भिंत. माणूस पुढे वाकतो तेव्हा त्याचं बूड मागे जातं, म्हणून तोल राहतो. डोकं-छाती पुढे गेली तेवढं वजन मागे जायलाच हवं, नाहीतर सगळा भार पावलांच्या पुढे पडतो आणि माणूस कोसळतो. टाचा भिंतीला लावल्या की बुडाला मागे जायला जागाच नाही. हे मी नवव्या इयत्तेच्या मुलींना शिकवते. मग महाराज कसे वाकत होते?

पुढच्या गुरुवारी उत्तर मिळालं. भिंतीपुढची जमीन मातीची होती, बायका दर गुरुवारी पहाटे ती शेणाने सारवत. सगळे प्रसादाला वळल्यावर मी भिंतीशी गेले. ओलसर सारवणावर भक्तांच्या पावलांचे ठसे होते आणि सगळ्यांच्या टाचा भिंतीला लागलेल्या. एकाच जोडीच्या टाचा भिंतीपासून दीड वीत पुढे होत्या. महाराजांचे पाय रुंद होते, डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. ओळखायला कष्ट पडले नाहीत. घोळदार कफनी मागे भिंतीपर्यंत लोळत असे, त्यामुळे मधली जागा समोरून कोणाला दिसत नव्हती. महाराज नुसती पाठ टेकून उभे राहत आणि पाय पुढे ठेवत. मग काय, कोणीही वाकेल!

मी तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. अर्धी माणसं निघून गेली होती, ठसे तुडवले जात होते. मला पुरावा स्वच्छ हवा होता आणि गर्दी पूर्ण हवी होती. आठवडाभर थांबू, म्हटलं. येसूबाईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुमचे डोळे पापी. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर, महाराज सगळ्यांसमोर पडताना मला बघायचे होते.

तिसऱ्या गुरुवारी शाळेत पुन्हा रजा टाकून मी सर्वांत आधी गिरणीत पोचले आणि अगदी सारवणाच्या कडेला बसले. त्यावर कोणी पाय ठेवायला आलं की हाकलत होते. होडी किनाऱ्याला होती, म्हणून दादूलाही मी आग्रहाने बोलावलं होतं.

"येसूबाई कुठे आहे?"

"आत हाय, बायांसंगत."

आत म्हणजे पूर्वीच्या कोठाराच्या खोलीत. मला वाटलं, बायका प्रसाद करत असतील. सुरुवात व्हायला थोडाच वेळ होता, महाराज नुकतेच आतून बाहेर आले होते. तेवढ्यात आतून एक ओरड ऐकू आली. लांब, मग एकदम तुटलेली. तिथे असल्या ओरडी नेहमी यायच्या, कोणाच्या ना कोणाच्या अंगात येतच असे. माझ्या मनात आलं, जाऊन बघावं. पण मी उठले असते तर गर्दी पुढे सरकली असती आणि सारवण मोडलं असतं. मी बसून राहिले.

महाराज भिंतीपाशी उभे राहिले, कफनी झटकली, वाकले, फूल उचललं. जयजयकार झाला.

"थांबा!" मी उभी राहिले. "कोणी हलू नका. महाराज, जरा बाजूला व्हा. लोकांना तुमची पावलं बघू द्या."

"चरणदर्शन बाद में, बहनजी."

"चरण नको, ठसे दाखवा."

ते हललेच नाहीत. कमलाकांत माझ्याकडे धावला. पण तेवढ्यात दादू उठला, चार ढांगांत पुढे आला आणि त्याने महाराजांना दंडाला धरून सहज बाजूला केलं, जशी पाटी उचलून ठेवावी. सारवणावर दोन स्वच्छ ठसे होते. मागे भिंतीपर्यंत दीड वीत जमीन कोरी होती.

"टाचा भिंतीला लावायच्या ना, म्हाराज?" दादू म्हणाला. "आमच्या येसूनं लावल्या. तुमी पन लावा."

"परमेश्वर की परीक्षा लेता है? भस्म हो जाएगा!"

"होतो. तुमी लावा."

मागून कारखान्यातला कोणी ओरडला, "लगाओ ना महाराज, डर काहे का?" दादूने कफनी घोट्यांच्या वर धरली. महाराजांच्या टाचा भिंतीला लागल्या. फूल पुढे होतं. चारशे माणसं श्वास धरून बघत होती. महाराज वाकले आणि दोन्ही हातांवर धपकन सारवणात आले.

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळी गिरणी हसली. मी सांगत सुटले, बूड मागे का जातं, भार पावलांवर कसा राहतो, हात कसे उठतात. लोक भिंतीला टाचा लावून पडत होते, पाय पुढे घेऊन फूल उचलत होते. पहिल्या गुरुवारी रडलेला म्हातारा चौकटीत उभा राहून शिव्या मोजत ढकलत होता आणि हात उठले की टाळ्या पडत होत्या. दहा मिनिटं. माझ्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची दहा मिनिटं होती ती, हे सांगायची मला लाज वाटते.

मग कोठाराच्या दारात सोमी नावाची एक मुलगी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "येसूमावशीला उठवत नाय."

आत चटईवर येसूबाई उताणी पडली होती. तिच्यावर 'मेरुमंथन' झालं होतं. पाप मणक्यात अडकलंय, ते मोकळं करायचं, म्हणून महाराजांनी सांगितलं आणि दोन सेविकांनी तिचे पाय उचलून डोक्यामागे जमिनीला टेकवले. ते हलासन होतं. शाळेत माझ्या मुली ते हसत हसत करतात. वाळवी लागलेल्या मणक्याकडून ते कोणी करवून घेतं?

"बाई," ती मला म्हणाली, "माझं पाय कोनी धरलंय? सोडाया सांगा ना."

तिचे पाय कोणी धरलेले नव्हते.

मी ओरडले, तिला उचलू नका. तेच लोक, जे आत्ताच हसत होते, त्यांनी गिरणीचं एक दार बिजागऱ्यांतून काढलं. त्यावर तिला सरकवून टेम्पोतून पालघरला नेलं, तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. महाराज त्या गडबडीत मागच्या वाटेने मोटारसायकलवर निघून गेले. कमलाकांतसुद्धा. पुढे कोणी सांगितलं, गुजरातच्या बाजूला कुठे तरी एका बंद गोदामात प्राणयोग चालू आहे.

चौकीत अंमलदाराने माझं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. "बाई, लिहू काय? तिने आसन केलं, तिची पाठ मोडली. तिला धरून नेलं होतं का? नाही. भिंतीशी पाय पुढे ठेवणं कुठल्या कलमात बसतं?" त्याने पेन खाली ठेवलं.

ऑपरेशन झालं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी लघवीचा रंग मी तिला आधी सांगितला. टी.बी. बरा झाला. डॉक्टर म्हणाले होते तसा, नक्की बरा झाला. पाय मात्र आले नाहीत. उजव्या पायाची बोटं थोडी हलतात, एवढंच. दादूने दर्यावर जाणं कमी केलं, तिला उचलून आत-बाहेर करायला घरात कोणी तरी हवं.

वर्षभराने मी गेले तेव्हा ती अंगणात बसून सुकट निवडत होती. तिने मला बसायला फळी सरकवली. मग म्हणाली, "बाई, टाच लावली का सगळीच पडतात?"

"सगळीच."

"मंग त्या पोराचं..."

"त्याला ताप होता, येसूबाई. तू जवळ असतीस तरी ताप तेवढाच असता."

तिने दोन-चार मासे इकडचे तिकडे केले. "त्या दिशी मी वरडली होती. तुमी भायेर होता ना? तुमाला आयकू नाय आलं?"

"आलं होतं," मी म्हणाले.

ती पुन्हा सुकट निवडू लागली.

हे मी लिहिते आहे ते माझं शहाणपण मिरवायला नाही. देहाचे नियम कुठल्याही महाराजासाठी बदलत नाहीत. जे तुम्हाला जमत नाही ते त्याला जमलं, तर नमस्कार करण्याआधी तो कुठे उभा आहे ते बघा, आणि तेच स्वतःच्या घरी करून बघा. दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा, गोळीने काय होतं ते विचारा, भीती वाटली तर पुन्हा विचारा. आजार हा पापाचा हिशेब नसतो आणि लेकरू गेलेल्या आईची परीक्षा घ्यायचा हक्क कुठल्याही भिंतीला नाही. एवढं तर कोणीही सांगेल. पण लबाडी उघडी पाडायला निघालेल्यांना मला आणखी एक सांगायचं आहे. पुरावा हातचा गेला तरी चालेल, लबाड सुटला तरी चालेल. आतून कोणी ओरडलं, तर आधी उठून आत जा.